वाचनालयाच्या फळ्यावर गणित लिहितेय, लोक थांबून वाचतील असं काय लिहू?

शाईची दौत

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचते इथे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्या गावात, सातारा जिल्ह्यात, जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला फळा, त्याच्यावर वर्षानुवर्षं रोजचा सुविचार असायचा. यंदा ग्रंथपाल काका म्हणाले तू गणितात बीएस्सी केलंयस ना, मग सहा महिने फळा तुझा, दर सोमवारी रोजच्या जगण्यातलं गणित लिही, लोकांना गोडी लागेल असं. मी लगेच हो म्हटलं, कारण मला हे मनापासून करायचंय, शाळा सुटली की माणसाचं गणितही सुटतं आणि मग आयुष्यभर "मला नाही बाई जमत" एवढंच उरतं, ते मला बघवत नाही.

तीन आठवडे झाले. पहिल्या सोमवारी शून्याबद्दल लिहिलं, दुसऱ्या सोमवारी पायथागोरस आणि भिंतीला टेकवलेल्या शिडीचं चित्र, तिसऱ्या सोमवारी टक्केवारीची तीन सूत्रं रंगीत खडूने. कोणी थांबत नाही. चपला काढता काढता एक नजर टाकतात आणि आत जातात. एक आजी आहेत, आठवड्याला दोन कादंबऱ्या संपवतात, त्यांना विचारलं तर म्हणाल्या अगं ते बरोबरचं चिन्ह दिसलं की पोटात गोळा येतो माझ्या.

आता गंमत बघा, ह्याच आजी मला मंगळवारी बाजारात दिसल्या. गवार ऐंशी रुपये किलो, पाऊण किलो घेतली, वर दहाची कोथिंबीर, शंभराची नोट पुढे केली आणि भाजीवाला मोबाईलवर आकडे दाबायच्या आत ह्यांचं "तीस दे परत" बोलून झालं होतं. पाऊणपट केलं, बेरीज केली, वजाबाकी केली, सगळं उभ्या उभ्या. आणि ह्यांना गणित येत नाही!

तर माझा प्रश्न असा की ह्या आजींना फळ्यासमोर दोन मिनिटं उभं करायचं असेल तर काय लिहू? सोपं करून लिही असं सगळे सांगतात पण मी सोपंच लिहीत होते. तुमच्यापैकी कोणी असं काही केलं असेल तर सांगा. फळा साधारण चार फूट बाय तीन फूट आहे, मोठं काही मावत नाही.

*

पाटीपेन्सिल

ताई, प्रश्न फार आवडला. मी पस्तीस वर्षं झेडपीच्या शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

तुमच्या आजींनी जे केलं त्याला आमच्या आधीच्या पिढीत नाव होतं, पाऊणकी. पाढे नुसते दोन ते तीसचे नव्हते, पावकी होती, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, एकवीस असं घडाघडा म्हणत जायचं. माझे वडील फक्त चौथी शिकलेले पण वाण्याच्या दुकानात साडेतीन रुपयांच्या आठ वस्तू म्हटलं की अठ्ठावीस त्यांच्या तोंडातून श्वासासारखं यायचं. तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे सगळा व्यवहारच पाव आणि निम्म्यात चालायचा, त्यामुळे हे पाढे रोज लागायचे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, रुपयाचे शंभर झाले, मग शेर आणि तोळे जाऊन किलो आणि ग्रॅम आले, आणि हळूहळू हे पाढे शाळेतून गेले. गेले ते ठीक, पण भाषेतून नाही गेले! सव्वा, दीड, अडीच, पावणे, साडे हे आपण दिवसातून पन्नास वेळा बोलतो, घड्याळात बोलतो, पैशात बोलतो. अपूर्णांक शिकवायला घेतले की मुलं रडतात आणि तीच मुलं "पावणेपाचला क्लास आहे" असं म्हणून पळतात.

म्हणून माझं म्हणणं, फळ्यावर चिन्ह एकही नको, शब्द लिहा. उदाहरणार्थ एवढंच लिहा,
"पावणेदोन, पावणेदोनशे, पावणेदोन हजार, पावणेदोन लाख. ह्यातला पावणे प्रत्येक वेळी कितीने कमी करतो?"
आणि खाली रिकामी जागा सोडा, खडू तिथेच ठेवा. पाव, पंचवीस, अडीचशे, पंचवीस हजार. शब्द तोच आणि काम मात्र मागून येणाऱ्या आकड्याच्या मापाने करतो. हे आपण सगळे बिनचूक वापरतो पण कधी थांबून बघितलेलं नसतं, एकदा दिसलं की माणूस घरी जाऊन नातवाला विचारतो. मी विचारलेलं आहे, इंग्रजी माध्यमातल्या माझ्या नातीला सव्वातीनशे म्हणजे तीनशे एक वाटत होते, तिला सव्वाचा वडा खाऊन समजावला. एक अख्खा आणि एक पाव तुकडा ताटलीत ठेवला, म्हटलं हा सव्वा वडा. आता ह्या प्रत्येक वड्याची किंमत शंभर धर. ती लगेच म्हणाली एकशे पंचवीस, आणि मग आपणहूनच म्हणाली म्हणजे सव्वातीनशे तीनशे पंचवीस.

*

देवळालीची गाडी

पाटीपेन्सिल सर, सव्वाचा वडा मी घेऊन जातोय.

मी नाशिक रोडचा, त्यामुळे माझ्याकडून कापरेकर सरांचं नाव येणारच. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म डहाणूचा १९०५ चा, १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत मास्तर होते, संशोधक म्हणून कुठे नोकरी नाही, काही नाही, शाळा सांभाळून वहीत आकडे मांडत बसायचे. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ सापडला. नंतर १९७५ ला अमेरिकेत मार्टिन गार्डनर ह्यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग जगभर नाव झालं.

फळ्यावर असं लिहा, मी आमच्या सोसायटीत गणपतीत लिहिलं होतं आणि आरतीला आलेली माणसं प्रसाद हातात धरून मोबाईलवर करत बसली होती.

कोणतेही चार आकडे घ्या, चारही सारखे नकोत. मोठ्याकडून लहानाकडे मांडून एक संख्या करा, लहानाकडून मोठ्याकडे मांडून दुसरी. मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याच्यावर परत तेच, ९९९ असे तीनच आकडे आले तर ०९९९ असे चार मांडायचे.

२०२६ घ्या. ६२२० वजा ०२२६, आले ५९९४. मग ९९५४ वजा ४५९९, ५३५५. मग ५५५३ वजा ३५५५, १९९८. मग ९९८१ वजा १८९९, ८०८२. मग ८८२० वजा ०२८८, ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता ६१७४ वर करा, ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. तिथेच थांबतं. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच पोचता. १९४७ पाच पायऱ्यांत पोचतं आणि महाराष्ट्र झाला ते १९६० बरोबर सात पायऱ्या घेतं, म्हणजे लागू शकतात तेवढ्या सगळ्या.

ह्यात महत्त्वाचं काय तर लोकांना त्यांचा स्वतःचा आकडा घेता येतो. जन्मसाल, गाडीचा नंबर, लग्नाचं साल. आमच्याकडे एक काका तीन वेळा करून बघत होते कारण त्यांना वाटत होतं त्यांचं स्कूटरचं नंबर प्लेट तरी निसटेल.

आणि वजाबाकी चुकली तर ती पकडायची युक्ती पण लिहा, ती खरी कामाची आहे. आलेल्या उत्तरातले आकडे मिळवा, बेरजेला नवाने भाग गेलाच पाहिजे. ५९९४ चे सत्तावीस, ५३५५ चे अठरा, १९९८ चे सत्तावीस. भाग गेला नाही की कुठेतरी हातचा विसरलात. कारण सोपं आहे, हजार म्हणजे ९९९ आणि वर एक, शंभर म्हणजे ९९ आणि वर एक, दहा म्हणजे ९ आणि वर एक, तेव्हा नवाचे गठ्ठे बाजूला काढले की हाताशी फक्त आकड्यांची बेरीज उरते. दोन्ही संख्यांत आकडे तेच, म्हणजे उरलेलं सारखंच, वजा केलं की ते उडतं आणि नवाचे गठ्ठेच राहतात.

*

डबे भरणारी

मी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, बाराव्या वर्षी. गणिताचं शिक्षण दहावीपर्यंतच, पण ह्या धाग्यावर लिहावंसं वाटलं.

तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईक बाईंनी सांगितलं की बेसनाचे लाडू यंदा जरा मोठे वळा, चार सेंटीमीटरचे असतात ते पाचचे करा, भाव थोडा वाढवा चालेल. मी म्हटलं चारचे पाच म्हणजे पाव भाग जास्त, सवाई. त्या हिशोबाने भाव सवाईने वाढवला आणि बेसन, तूप, साखर पण सवाईने जास्त आणली. दोनशे लाडूंची ऑर्डर होती. एकशे अठ्ठावीस वळून झाले आणि परात रिकामी. रात्री साडेअकराला माझे मिस्टर तूप शोधत फिरले.

नंतर मुलाने मला कणकेच्या गोळ्यांवर दाखवलं. म्हणाला आई, लाडू फक्त रुंद होत नाही, तो रुंद होतो, लांब होतो आणि उंच पण होतो, तिन्हीकडून सवाई. सव्वाची सवाई आणि त्याची परत सवाई. चार चोक सोळा चोक चौसष्ट, पाच पाचे पंचवीस पाचे एकशे पंचवीस. चौसष्टच्या जागी एकशे पंचवीस म्हणजे जवळजवळ दुप्पट! हातात धरलं तर दोन्ही लाडूंत एवढा फरक वाटतच नाही, वजनकाट्यावर ठेवला की कळतं, माझा लहान लाडू पस्तीस ग्रॅमचा आणि मोठा सत्तरच्या आसपास.

त्या दिवसापासून मी लाडू मापाने सांगत नाही, वजनाने सांगते. आणि थालीपिठाला हेच पण दोनच बाजूंनी, कारण जाडी तीच. आठ इंची तव्याचं थालीपीठ आणि बारा इंची तव्याचं, आठ आठे चौसष्ट आणि बारा बारे एकशे चव्वेचाळीस, म्हणजे सव्वादोन पट पीठ. ताई, तुमच्या फळ्यावर दोन लाडू काढा, एक चारचा एक पाचचा, आणि विचारा दुसऱ्यात बेसन किती पट. बायका नक्की थांबतील, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी लिहा, लगेच नको.

*

शेकडा दोन

सगळ्यांचं वाचलं, छान आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका.

मी बचत गटांचं काम करते, गावोगाव हिशोब बघते. ६१७४ बघून माणूस खूश होतो हे खरं, पण घरी गेल्यावर त्याच्या हाती काय? ज्याला गणित नको वाटतं त्याचे पैसे दर महिन्याला कुठेतरी जास्त जात असतात, आणि त्याला ते दिसत नाही म्हणून तो गप्प असतो. मला वाटतं फळ्यावर पहिलं तेच लिहायला पाहिजे.

मागच्या वर्षी गटातल्या एका ताईंनी शिलाई मशीनसाठी आणि दुकानाच्या डागडुजीसाठी एका फायनान्सवाल्याकडून एक लाख वीस हजार घेतले, बारा महिन्यांत फेडायचे. माणूस म्हणाला फक्त बारा टक्के, बँकेसारखंच आहे. एक लाख वीस हजाराचे बारा टक्के चौदा हजार चारशे, मिळवले, बाराने भागले, हप्ता अकरा हजार दोनशे. ताईंनी मला कागद दाखवला, म्हणाल्या हिशोब बरोबर आहे की, मी करून बघितला. आणि गुणाकार भागाकार बरोबरच होता!

मी त्यांना एकच प्रश्न विचारला, सहाव्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे किती पैसे असतील? त्या विचारात पडल्या. मग वहीत लिहिलं. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे एक लाख वीस हजार, मुद्दलाचे दहा हजार फेडले की दुसऱ्या महिन्यात एक लाख दहा, मग एक लाख, नव्वद, असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात फक्त दहा हजार. पण व्याज मात्र बाराही महिने पूर्ण एक लाख वीस हजारावर! मग सरासरी किती पैसे वापरले? पहिला आणि शेवटचा महिना मिळवा, एकशे वीस आणि दहा, एकशे तीस हजार. दुसरा आणि अकरावा, एकशे दहा आणि वीस, तेवढेच. अशा सहा जोड्या, सगळ्यांची बेरीज सात लाख ऐंशी हजार, भागिले बारा, पासष्ट हजार. म्हणजे वर्षभर सरासरी पासष्ट हजार वापरले आणि व्याज दिलं चौदा हजार चारशे. शेकडा बावीस पडले, बारा नाही.

घटत्या बाकीवर बारा टक्के असते तर हप्ता साधारण दहा हजार सहाशे बासष्ट आला असता आणि वर्षाचं व्याज आठ हजाराच्या आत. ताई बराच वेळ त्या उतरत्या आकड्यांकडे बघत होत्या. नंतर म्हणाल्या मला कोणी ही शिडी आधी काढून दाखवली असती तर.

आणि दुसरी गोष्ट, खेड्यात टक्का म्हणजे महिन्याचा असतो. "दोन टक्क्याने दिले" म्हणजे शंभराला महिना दोन रुपये, वर्षाचे चोवीस. बँक म्हणते बारा, सावकार म्हणतो दोन, आणि ऐकणाऱ्याला दोन कमी वाटतात. हे फळ्यावर लिहा ताई, ठळक लिहा. महिना की वर्ष, पूर्ण रकमेवर की उरलेल्या रकमेवर, एवढे दोन प्रश्न विचारायला माणूस शिकला तरी त्या फळ्याचं काम झालं असं मी समजेन.

*

देवळालीची गाडी

शेकडा दोन ताई, राग कसला, तुमची शिडी मी जपून ठेवली. फक्त एवढंच म्हणेन की ज्याला बरोबरचं चिन्ह बघून पोटात गोळा येतो तो माणूस ती शिडी बघायला वहीजवळ यायलाच तयार नसतो. माझा अनुभव असा की ६१७४ ने त्याचा हात खडूला लागतो, एकदा हात लागला की पुढचं बघतो.

*

बांधावरचा

राम राम. मी बारामतीकडचा, शेती आणि थोडं मोजणीचं काम. मला वाटतं तुम्हा दोघांचं भांडण मिटेल असा एक आकडा माझ्याकडे आहे, १०८९.

आधी जादू. तीन आकडी संख्या घ्या, पहिला आणि शेवटचा आकडा वेगळा पाहिजे. उलटी करा, मोठीतून लहान वजा करा. आलेलं उत्तर उलटं करा आणि ह्या वेळी मिळवा. ७५२ घ्या, उलटे २५७, वजा केले ४९५, त्याचे उलटे ५९४, मिळवले, १०८९. कुठलीही घ्या, १०८९ च. फक्त वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ अशी तीन आकडी मांडायची, मग ०९९ आणि ९९० मिळून तेच. कारण वजाबाकीत मधला आकडा कायम नऊ येतो आणि कडेचे दोन मिळून नऊ होतात, करून बघा म्हणजे पटेल.

आता हाच १०८९ शेतकऱ्याला माहीत असतो. तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, एक गुंठा, १०८९ चौरस फूट! चाळीस गुंठ्यांचा एकर, ४३,५६०. आमच्याकडे पोरांना ही जादू दाखवली आणि मग म्हटलं हा आकडा तुझ्या सातबाऱ्यात लपलाय, तर पोरं काय म्हातारी माणसंसुद्धा सरकून बसली.

पण सातबाऱ्यावर गुंठा नसतो, हेक्टर आणि आर असतं. आर म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर. तेहतीस फूट म्हणजे दहा मीटर आणि वर जेमतेम सहा सेंटीमीटर, म्हणून लोक आर आणि गुंठा एकच धरून चालतात. एका गुंठ्याला काही बिघडत नाही. पण चाळीस आर म्हणजे एकर असं धरून व्यवहार केला की तिथे पाचशे चौरस फूट कमी भरतात, ४३,०५६ येतात, आणि रस्त्याकडेची जमीन असली तर पाचशे फुटांत एक दुकानाचा गाळा उभा राहतो. दोन भावांत वाटणीच्या वेळेला ह्याच्यावरून आवाज चढलेले मी बघितलेत, दोघं खरं बोलत असतात, एक गुंठ्यात आणि दुसरा आरमध्ये.

आणि फराळवाल्या ताईंचं लाडवाचं जे आहे ते जमिनीत रोज होतं. मी विचारतो, एक गुंठा तेहतीस बाय तेहतीस, मग तीनशे तीस बाय तीनशे तीस किती गुंठे? दहा म्हणतात. शंभर असतात! अडीच एकर. दोरी दसपट लांब केली, जमीन शंभरपट झाली. हे बोलून नाही कळत, वहीचा चौकटीचा कागद घेऊन दहा चौकटी आडव्या, दहा उभ्या मोजायला लावायच्या.

*

शाईची दौत

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. दोन सोमवार झाले म्हणून सांगायला आले.

पहिल्या सोमवारी पाटीपेन्सिल सरांचं पावणेदोन लिहिलं, चिन्ह एकही नाही. संध्याकाळी बघितलं तर रिकाम्या जागेत तीन वेगवेगळ्या अक्षरांत उत्तरं होती आणि एकाने खाली "मग पाऊणशेचं काय?" असं लिहिलं होतं. फार चांगला प्रश्न आहे, तिथे पावणे नाही, पाऊण आहे, आणि शंभरातून पंचवीस गेलेलेच आहेत. कोणी लिहिलं ते अजून कळलं नाही.

काल सोमवारी दोन लाडू काढले. कादंबरीवाल्या आजी थांबल्या! चश्मा पुसून बघितलं, "सवाई नाही गं, जास्त आहे, वळताना हाताला कळतं" म्हणाल्या, आणि दीडपट म्हणून लिहून गेल्या. आज सकाळी उत्तर लिहिणार होते तर त्या माझ्या आधी हजर. म्हणाल्या रात्री घरी दोन्ही मापाचे वळून काट्यावर ठेवले, दुप्पट भरतात, आणि तू सांगितलं नाहीस ते बरं केलंस.

शेकडा दोन ताई, तुमची शिडी पुढच्या सोमवारी. आकडे नुसते एकाखाली एक न लिहिता मी पट्ट्या काढणार आहे, बारा पट्ट्या, पहिली लांब आणि शेवटची अगदी बोटभर, आणि बाजूला व्याजाच्या बारा सारख्या पट्ट्या. वाचनालयात येणाऱ्या निम्म्या लोकांच्या घरी कुठला ना कुठला हप्ता चालू आहेच.

*

ठिपके ते ठिपके

उशिरा आले धाग्यावर. रांगोळीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, फळ्यावर खडूने सहज जमेल.

मधल्या ओळीत सात ठिपके, वर पाच, तीन, एक आणि खाली पण पाच, तीन, एक. सगळ्यांना येते ही. एकूण ठिपके किती, मोजायचे नाहीत. आता दोन रंगाचे खडू घ्या, वरच्या टोकाचा ठिपका पिवळा, मग आडवे उभे कुठेही शेजारचा ठिपका दुसऱ्या रंगाचा, बुद्धिबळाच्या पटासारखं. सगळे भरून झाले की मान जरा वाकडी करून बघा. पिवळ्यांचा चार बाय चारचा चौकोन तिरका बसलेला दिसतो आणि त्याच्या आत गुलाबींचा तीन बाय तीनचा. सोळा आणि नऊ, पंचवीस. नऊ ठिपक्यांची काढली तर पंचवीस आणि सोळा, एक्केचाळीस. अकराची काढली तर छत्तीस आणि पंचवीस, एकसष्ट. माझी आई रांगोळीचे वर्ग घ्यायची, तिला हे कोणी सांगितलेलं नव्हतं पण किती ठिपके लागतील ते ती न मोजता सांगायची.

*

शाईची दौत

हे मी आत्ता वहीवर करून बघितलं, अंगावर काटा आला. घेतेय!

आणि एक मदत हवी. ६१७४ फळ्यावर अजून लिहिलं पण नाही, आमच्या ग्रंथपाल काकांना तोंडी सांगितलं तर ते दोन दिवस तेच करतायत, आणि आज विचारतायत की चार आकड्यांचं झालं, तीनचं आणि पाचचं असं आहे का. मी काय सांगू?

*

देवळालीची गाडी

तीन आकड्यांना आहे, ४९५. म्हणजे बांधावरचा दादांच्या उदाहरणात जो मध्येच येऊन गेला तोच, ९५४ वजा ४५९ करून बघा, परत ४९५.

पाच आकड्यांना असा एकही मुक्काम नाही, तिथे संख्या फिरत राहतात. काकांना ५३९५५ द्या आणि फक्त दोन वजाबाक्या करायला सांगा. पहिलीत ५९९९४ येईल, दुसरीत काय येतं ते त्यांनीच बघू दे. तसे फेरे एकूण तीन आहेत, एक दोन संख्यांचा आणि दोन चार चार संख्यांचे. बाकीचे दोन मी इथे लिहीत नाही, काकांच्या हाती खडू आहे तोवर शोधू दे.

*

बांधावरचा

मी पण वही घेतली. कोणी सांगू नका.